ओळीखालचं बोट

आंदर मावळातल्या एका जिल्हा परिषद शाळेत तिसरीतला मुलगा माझ्यासमोर धडा वाचत होता. आवाज खणखणीत. स्वल्पविरामाला थांबणं बरोबर, प्रश्नचिन्ह आलं की सूर वर. ओळीखालून बोट पुढे सरकत होतं. ऐकणाऱ्याने पाठ थोपटावी असं ते वाचन. पण बाईंनी मला डोळ्यांनीच त्या बोटाकडे बघायला सांगितलं. तोंड चौथ्या ओळीत पोचलं होतं आणि बोट दुसऱ्या ओळीच्या मध्यावर रेंगाळत होतं.

बाईंनी पुस्तक हातात घेतलं, चित्रावर वही आडवी ठेवली आणि तोच परिच्छेद शेवटच्या शब्दापासून उलटा वाचायला सांगितला. मुलगा गप्प झाला. बऱ्याच वेळाने एक शब्द निघाला, तोही पुस्तकात नसलेला. दुसऱ्याला त्याने पहिलं अक्षर ओळखलं आणि पुढचं अंदाजाने जोडलं. तिसऱ्याला त्याने पाणी प्यायला जाऊ का असं विचारलं.

धडा त्याला तोंडपाठ होता. पाचवीतली बहीण घरी मोठ्याने वाचते, वर्गात बाकीची मुलं वाचतात. दोन-तीनदा कानावरून गेलं की त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. दुसरी संपेपर्यंत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण अशा मुलाला हुडकायचं तर तो काय म्हणतो ते सोडून तो कुठे बघतो हे बघावं लागतं. दोन शिक्षकांवर चार-पाच इयत्ता चालणाऱ्या शाळेत तेवढी सवड क्वचितच मिळते.

संपादकांनी या अंकासाठी विषय दिला तो वाचणाऱ्या मुलांचा. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला सगळ्या शाळांमधून मुलं पुस्तकं हातात धरून बसतात, त्यांचे फोटो केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर जातात. त्या फोटोत पुस्तक धरून बसलेलं पण न वाचणारं मूल कोणतं, हे मला बघायचं होतं. म्हणून मावळात गेले. हा तालुका अशा शोधाला सोयीचा आहे. वडगावहून एका बाजूला तळेगावची कारखानदारी, दुसरीकडे लोणावळ्याचे बंगले आणि चिक्कीची दुकानं, आणि मध्ये आंदर, नाणे, पवन या तीन खोऱ्यांतली भातखाचरं. इंग्रजी माध्यमाची पिवळी बस आणि चार भिंतींची दुशिक्षकी शाळा इथे एकाच रस्त्यावर दिसतात.

तुटकी शिरोरेखा

आधी थोडं या अडचणीबद्दल आणि मग लिपीबद्दल. डिस्लेक्सिया म्हटलं की बहुतेकांना ‘तारे जमीं पर’ आठवतो. २००७ सालचा तो सिनेमा अमोल गुप्ते यांनी लिहिला, शाळेचा मोठा भाग पाचगणीत चित्रित झाला, आणि घराघरांत हा शब्द पोचला. त्याचबरोबर एक समजही पोचला, की अशा मुलांना अक्षरं उलटी दिसतात. नाचणारी अक्षरं पडद्यावर छान दिसली. वर्गात मात्र असं काही दिसत नाही. डोळे चांगले असतात. अडचण असते ती बोलण्यातला ध्वनी सुटा करून त्याची अक्षराच्या खुणेशी गाठ मारण्यात, आणि ती गाठ झटक्यात आठवण्यात.

बाईंनी ते कागदाशिवाय दाखवलं. “चिमणीतून चि काढ, काय राहिलं?” वर्गातली मुलं हसत ओरडली, “मणी!” हा मुलगाही ओरडला, पण अर्ध्या श्वासाने उशिरा, इतरांचं ऐकून. मग त्याला एकट्याला विचारलं, “कमळमधला क काढ.” तो म्हणाला, “फूल.” उत्तर विनोदी वाटेल, पण चुकलं कुठे ते त्यातून नेमकं कळतं. शब्दाचा अर्थ त्याने लगेच पकडला. शब्द हा तुकड्यांचा बनलेला असतो, हे त्याच्या कानाला अजून उमगलेलं नाही.

आता या कानावर देवनागरी येऊन पडते. म आणि भ, घ आणि ध, य आणि थ या जोड्या बघा. प्रत्येक जोडीत एकाची शिरोरेखा अखंड असते आणि दुसऱ्याची सुरुवातीला तुटलेली. तो केसाएवढा फरक स्वस्त छपाईत किंवा फळ्यावरच्या घाईत बुजून जातो. मोठ्यांना तो लागतच नाही, कारण ते शब्द आधी ओळखतात आणि अक्षर मागाहून. नवशिक्याला मात्र ‘घर’ आणि ‘धर’ यांत तेवढाच आधार असतो. मग येते ऱ्हस्व वेलांटी. ‘किती’मध्ये ती डोळ्याला आधी भेटते, पण तोंडाने क आधी म्हणायचा. ‘पर्वत’मधला रफार बसतो व-वर आणि उच्चारायचा असतो व-च्या आधी. र तर बहुरूपीच: चक्र, राष्ट्र, सूर्य आणि दुसऱ्या, चार ठिकाणी चार रूपं. चौतीस व्यंजनांना बाराखडीने गुणलं तर चारशेवर आकृत्या होतात, जोडाक्षरं वेगळीच. इंग्रजीची सव्वीस अक्षरं मूल काही महिन्यांत ओळखतं. कन्नड मुलांचा अभ्यास करणाऱ्या सोनाली नाग यांनी दाखवलं आहे, की आपल्याकडच्या अशा लिप्यांमध्ये अक्षरांची ओळख पूर्ण व्हायला चौथी किंवा त्याहूनही पुढचा काळ लागतो. म्हणजे पहिलीत ‘सगळी अक्षरं झाली’ असं जे आपण म्हणतो, ते बहुधा शिकवणाऱ्याच्या बाजूने झालेलं असतं.

लिपी किचकट असली तरी एका बाबतीत मराठी दिलदार आहे. एकदा खूण आणि ध्वनी जुळले की लिहिलंय तसं वाचता येतं, इंग्रजीसारखे स्पेलिंगचे चकवे फारसे नाहीत. याचा एक तोटाही होतो. २००१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात इंग्रज, फ्रेंच आणि इटालियन डिस्लेक्सिक तरुणांची तुलना प्रसिद्ध झाली. वाचताना तिघांच्याही मेंदूतली तीच डावीकडची जागा कमी जागी होत होती. पण इटालियनांचं वाचन बरंच बिनचूक होतं, कारण त्यांच्या भाषेचं लेखन सरळ आहे. मराठीची गत इटालियनच्या जवळची. मूल चुकतं कमी, रखडतं जास्त. तपासनीस ‘वाचता येतं का’ एवढंच विचारतो. अक्षर अक्षर लावत का होईना, ते वाचतं. रकान्यात बरोबरची खूण पडते. पाच ओळींना पाच मिनिटं लागली, आणि शेवटी पहिल्या ओळीत काय होतं ते त्याला आठवत नाही, हे लिहायला रकाना नसतो.

शिकवलं नाही, की शिकता येत नाही?

नाणे मावळाच्या आतल्या बाजूला कातकरी वाडीजवळची एक शाळा. तिथल्या गुरुजींना मी सरळ विचारलं, तुमच्याकडे किती मुलांना डिस्लेक्सिया असेल? त्यांनी हजेरीपट माझ्यापुढे सरकवला आणि एका ओळीवर पेन ठेवलं. दिवाळीनंतर कोरे रकाने, थेट पावसाच्या तोंडापर्यंत. कुटुंब वीटभट्टीवर जातं, मुलगी धाकट्या भावाला सांभाळायला सोबत जाते. परत आली की वयाप्रमाणे वरच्या वर्गात बसते, कारण शिक्षण हक्क कायदा तसं सांगतो. घरची बोली कातकरी, पुस्तकातली मराठी तिला निम्मी परकी. ती वाचत नाही. पण यात तिच्या मेंदूचा काय संबंध?

गुरुजींचा मुद्दा बिनतोड आहे, आणि या साऱ्या विषयाची खरी गाठ इथेच आहे. वाचता न येणारी मुलं खोऱ्यात बरीच आहेत. त्यांतली काही अशी, ज्यांना सलग, नीट कुणी शिकवलेलंच नाही. काहींचं ऐकणं कमी, कान वाहणारे, कुणी तपासलेले नाहीत. काहींना चष्मा लागलाय. आणि काही थोडी अशी, की शाळा चुकलेली नाही, कान-डोळे चांगले, गोष्ट सांगायला बसली की रंगवून सांगतात, तोंडी हिशोबात दुकानदाराला हरवतात, आणि तरीही अक्षर लागत नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत वाचन, लेखन आणि गणित या तिन्ही अडचणी धरून शाळकरी मुलांपैकी ५ ते १५ टक्के असा अंदाज दिलेला आहे. मावळाची मुलं त्याला अपवाद असायचं कारण नाही. पण वर्गात अर्धी मुलं रखडत असतील, तर त्यांतली ही दोन-तीन कशी ओळखायची?

उत्तर चाचणीत कमी आणि शिकवण्यात जास्त आहे असं माझं मत या फेऱ्यांत बनलं. आधी सगळ्यांना नीट शिकवा, मग मागे कोण उरतं ते बघा. उरेल त्याच्यावर शंका घ्या. मात्र नीट शिकवणं म्हणजे काय, हे राज्यात काही जणांनी चिकाटीने शोधलेलं आहे. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी १९८४ साली सुरू केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेत, आणि पालघरमधल्या वाडा तालुक्यात सोनाळे इथल्या नीलेश निमकर यांच्या क्वेस्ट संस्थेत, मराठी वाचायला शिकवण्याची घडी नव्याने बसवली गेली. तिथे सगळी मुळाक्षरं, मग सगळी बाराखडी, मग शब्द अशी रांग नसते. चार-पाच अक्षरं आणि एखादं स्वरचिन्ह असा गट घ्यायचा, त्यातूनच लगेच शब्द, वाक्यं आणि छोटी गोष्ट. समजा क, म, ल, र आणि काना एवढंच घेतलं, तरी काम, माल, कार, लाकार अशी खरी-खोटी शब्दांची रास होते. खोटे शब्दही कामाचे, कारण ते पाठ असू शकत नाहीत. वाडा आणि कर्नाटकातलं यादगीर इथल्या सरकारी शाळांमध्ये शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी पहिली ते तिसरीच्या मुलांचा काही वर्षं माग काढला. त्यांच्या २०१७ च्या अहवालातला वर्ग आपल्या ओळखीचा आहे: अक्षरं गिरवणं, फळ्यावरचं उतरवून घेणं, एका सुरात म्हणणं, आणि अर्थाशी गाठ फार उशिरा.

एका सुरात म्हणणं हे तर लपायला उत्तम झुडूप. ‘क का कि की’ सगळा वर्ग गात असतो, तेव्हा न येणाऱ्याचे ओठही बरोबर हलतात.

लोणावळा लोकल

खोऱ्यातून लोणावळ्यात आलं की प्रश्नाचा सूरच बदलतो. तुंगार्लीकडच्या एका बंगल्याची राखण करणाऱ्या कुटुंबातला मुलगा इंग्रजी माध्यमात चौथीत. मागच्या बाजूच्या खोलीत त्याची आई मला वह्या दाखवत होती. पानांवर लाल रेघा, एकाच शब्दाची तीन स्पेलिंग एकाच पानावर, आणि खाली ‘केअरलेस’ हा शेरा. “बोलायला लागला तर थांबत नाय. वही काढली की पोटात दुखतं,” आई म्हणाली. शिकवणी दोन तास. शिकवणीच्या बाईंनी प्रत्येक चुकलेला शब्द वीस वेळा लिहायला सांगितलेला. वीसपैकी पहिले तीन बरोबर, मग एक अक्षर गळालेलं, आणि पुढचे सगळे त्या गळालेल्या अक्षरासकट घोटलेले.

या मुलाला मराठीत किती अडचण आहे हे कुणी पाहिलेलंच नव्हतं. मी दुकानांच्या पाट्या वाचायला सांगितल्या. तो हळू, पण बरोबर वाचत गेला. चिक्कीवाल्या ‘मगनलाल’ची पाटी तर न बघताच म्हणाला, ते सोडा. घरात इंग्रजी कुणाला येत नाही, शाळेत इंग्रजीखेरीज काही चालत नाही. लिहिण्या-वाचण्याची जात्याच अडचण असलेल्या मुलाला आपण जगातल्या सगळ्यात लहरी स्पेलिंगच्या भाषेत, तीही परकी, शिकायला बसवतो आणि मग निष्काळजी म्हणतो. अशा मुलाला मराठी माध्यमात ठेवा हा सल्ला मी दिला नाही. शेजारची सगळी मुलं त्या बसमध्ये चढत असताना आपल्याच पोराला खाली उतरवणं कुठल्या आईला जमेल?

शहरात असल्याचा एक फायदा या घराला झाला. शाळेतल्या एका नव्या शिक्षिकेने ‘आळशी’ हा शब्द बाजूला ठेवून तपासणी करा असं सुचवलं. तपासणी म्हणजे पुणे. लोणावळा लोकल सव्वा-दीड तासात पुणे स्टेशनला उतरवते, आणि स्टेशनला लागूनच ससून रुग्णालय. तिथून पुढची वाट कायद्याने आखलेली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत ही अडचण धरलेली आहे. ४ जानेवारी २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी पायऱ्या ठरवल्या. आधी शाळेने चाळणी लावायची. मग बालरोगतज्ज्ञ डोळे, कान, मज्जासंस्था बघतात. मग बुद्ध्यंक. तो ८५ च्या वर असेल तरच पुढे वाचन-लेखनाची चाचणी, बेंगळुरूच्या निम्हान्सने तयार केलेली. प्रमाणपत्र वयाच्या आठ वर्षांनंतर, पुन्हा तपासणी चौदाव्या आणि अठराव्या वर्षी, आणि अठराव्या वर्षी मिळालेलं आयुष्यभर चालतं.

हे सगळं एका दिवसात उरकत नाही, आणि उरकूही नये. दमलेल्या मुलाची चाचणी म्हणजे दमण्याची चाचणी. पण बंगल्याच्या राखणदाराला शनिवार-रविवार सुट्टी नसते, उलट पाहुणे तेव्हाच येतात. त्यामुळे आईच एकटी, मुलाची शाळा बुडवून, हातात पारदर्शक पिशवीतली फाइल घेऊन फेऱ्या मारते. तिला फाइलमधली एकही ओळ वाचता येत नाही. कोणत्या कागदावर शिक्का आहे हे मात्र ती बरोबर सांगते.

प्रमाणपत्राचं मोल मोठं आहे, ते कमी लेखायचं नाही. महाराष्ट्राने या बाबतीत देशात पुढाकार घेतला. १९९६ साली मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी राहिली, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अशा मुलांसाठी क्लिनिक सुरू झालं, आणि दहावीच्या परीक्षेत सवलतींचा रस्ता खुला झाला. आज तासाला वीस मिनिटं जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा होतो, एखादी भाषा सोडता येते, गणिताऐवजी सातवीचं अंकगणित घेता येतं. किती मुलांची वाट यामुळे मोकळी झाली! योगायोग असा, की १९९६ च्या बरोबर शंभर वर्षं आधी, १८९६ मध्ये, इंग्लंडमधल्या सीफर्ड गावच्या डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिकत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापली होती. हा मुलगा चुणचुणीत, गणितात बरा, पण स्वतःचं नाव लिहिताना अक्षरांची अदलाबदल करायचा. त्याच्या मास्तरांचं म्हणणं होतं, की शिक्षण सगळं तोंडी असतं तर शाळेत याच्याएवढा हुशार दुसरा नसता. आंदर मावळातल्या बाई त्या तिसरीतल्या मुलाबद्दल जवळजवळ हेच बोलल्या. त्यांनी पर्सीचं नावही ऐकलेलं नव्हतं.

पण सवलत दहावीला उपयोगी पडते आणि वाचायला दुसरीत शिकायचं असतं. माझा आक्षेप एवढाच आहे. शहरातले जाणते पालक नववीत जागे होतात आणि प्रमाणपत्रासाठी धावतात. खोऱ्यातलं मूल नववीपर्यंत टिकतच नाही, किंवा टिकलं तर कोऱ्या उत्तरपत्रिकांसह टिकतं. आठवीपर्यंत वर ढकलण्याची सोय होती, तीही २०२३-२४ पासून आवळली गेली. पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली. परीक्षेला माझा विरोध नाही. पण पाचवीत नापास झालेल्या या मुलाला त्याच पद्धतीने आणखी एक वर्ष शिकवलं, तर दुसऱ्या वर्षी नवीन काय घडणार?

मधली मुलं

त्या ८५ च्या आकड्याबद्दल वडगावला एका विशेष शिक्षिकेशी बोलणं झालं. सत्तरच्या खाली आलं तर बौद्धिक दिव्यांगत्वाची वाट आहे. पंच्याऐंशीच्या वर आलं तर ही वाट. मधल्यांना कायद्यात जागा नाही, सवलत नाही, प्रमाणपत्र नाही. त्यांना हळू शिकणारी मुलं म्हणतात, आणि म्हणून सोडून देतात. त्यातून बुद्ध्यंकाच्या चाचणीत शब्दांचे प्रश्न असतात, जगाच्या माहितीचे असतात. वीटभट्टीवर वाढलेल्या मुलीची बुद्धी त्यातून कितपत उतरते? अडचण वाचनाची, आणि मापली जाते पुस्तकं नसलेल्या घराची गरिबी.

मराठीतून चाचणी घ्यायला आता साधन आहे. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या गटाने ‘डाली’ हा संच केला. २०१५ पासून तो हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे, पहिली-दुसरीसाठी वेगळा आणि तिसरी ते पाचवीसाठी वेगळा. वर्गशिक्षकाने भरायची प्रश्नावलीही त्यात आहे. अशी प्रश्नावली प्रत्येक शाळेच्या कपाटात पोचली तर निम्मं काम होईल, असं ती शिक्षिका म्हणाली. मग थोडं थांबून, “कपाटाबाहेर काढायला कुणी असेल तर.” समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक वर्षानुवर्षं कंत्राटावर राहिले, एकेकाकडे कित्येक शाळा, त्यांतही चालता-बोलता न येणारी मुलं आधी. ते बरोबरच आहे. धडधाकट, खोडकर, कबड्डीत पुढे असणारं मूल यादीत शेवटी येतं. २०२४ मध्ये राज्याने शाळांच्या केंद्रागणिक एक अशा ४,८६० विशेष शिक्षकांच्या पदांना मंजुरी दिली. केंद्रातल्या साऱ्या शाळा एकट्याने फिरायच्या, तेव्हा रोजचं काम वर्गशिक्षकाच्याच अंगावर राहणार. त्याला हाताशी धरून शिकवणारं कुणी असेल तरच त्या पदाला अर्थ.

रफाराची पाटी

आता पुन्हा आंदर मावळातल्या बाईंकडे, कारण त्या हे रोजचं काम करत होत्या. प्रशिक्षण म्हणावं असं काही त्यांच्याजवळ नाही. एक कार्यशाळा, फोनवर पाहिलेले व्हिडिओ आणि स्वतःची धडपड.

मधल्या सुट्टीनंतर तीन मुलं त्यांच्या टेबलाभोवती जमतात, इतरांना तेव्हा चित्राचं काम. आधी तोंडी खेळ: शब्द ऐकायचा आणि त्यातल्या प्रत्येक आवाजाला एक चिंचोका पुढे सरकवायचा. ‘मगर’, तीन चिंचोके. मधला चिंचोका उचलला तर काय राहिलं? “मर!” हशा. मग ताटात पसरलेली बारीक रेती. अक्षर बोटाने काढायचं आणि काढतानाच म्हणायचं, आधी नाही, मागून नाही. म आणि भ एका दिवशी शिकवत नाहीत, मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ देतात. एक पक्कं झाल्यावरच त्याचा जुळा येतो. भ-ची तुटकी शिरोरेखा त्या लाल खडूने काढतात, तुटलेल्या जागी बोट टेकवायला लावतात.

रफारासाठी त्यांनी पुठ्ठ्याची पाटी केलेली आहे. त्यावर ‘प’ आणि ‘वत’ वेगळे, मध्ये खाच. खाचेत ‘र्’ची चिठ्ठी बसवायची, म्हणायचं ‘पर्-वत’, आणि मग तीच चिठ्ठी दोऱ्याने वर ओढून व-च्या डोक्यावर बसवायची. उच्चाराची जागा आणि लेखनाची जागा यांच्यामधला प्रवास मुलाला हाताने करायला मिळतो. मी ती पाटी तीनदा ओढून पाहिली. इतकी वर्षं लिहितेय, रफार असा कधी हाताला लागला नव्हता.

याला मोठं शास्त्रीय नाव आहे. अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन आणि अ‍ॅना गिलिंगहॅम यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात हीच दिशा धरली: डोळा, कान आणि हात एकदम, पायरी-पायरीने, पाया पक्का झाल्याशिवाय पुढे नाही. बाईंना सगळ्यात कठीण गेलं ते ‘पुढे नाही’ हे. अभ्यासक्रम पुढे पळत असतो. त्यांनी मग सरळ दोन वाटा केल्या. परिसर अभ्यास, गणित, गोष्टी यांत हा मुलगा वर्गाबरोबर राहतो: ऐकतो, तोंडी उत्तर देतो, परीक्षाही बाई तोंडी घेतात. वाचनात मात्र तो आपल्या पायरीवर. मोठ्याने वर्गासमोर वाचायला त्याला उभं करत नाहीत. त्याऐवजी चौथीतल्या एका मुलीबरोबर जोडीने वाचन, दोघं एकदम, ती अर्ध्या शब्दाने पुढे. तोच उतारा चार दिवस. पाचव्या दिवशी उतारा उलटा, म्हणजे पाठ झालाय की वाचतोय ते कळतं.

फोनवरचं मराठी बोलून टायपिंगही एकदा करून पाहिलं. मुलगा बैल पोळ्याला काय झालं ते सलग सांगत गेला आणि पडद्यावर ओळी उमटत गेल्या. बैल बुजला, तात्या चिखलात पडले, सगळं आलं. तोवर त्याच्या वहीत एका वेळी तीन शब्दांच्या वर काही लिहिलेलं नव्हतं. त्या ओळी बाईंनी मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवल्या, आणि आठवडाभर तोच त्याचा धडा. ‘चिखलात’ हा शब्द त्याने बोट ठेवून वाचला. बोट शब्दाखालीच होतं.

त्याचे वडील शाळेत आले होते ते वेगळ्याच कारणाने, दाखल्यासाठी. बाईंनी त्यांना रफाराची पाटी दाखवली. ते टेम्पो चालवतात, चाकण-तळेगावचे सगळे रस्ते पाठ, पावतीवर सही मात्र अजून चित्र काढल्यासारखी करतात. त्यांनी पाटी ओढली, सोडली, पुन्हा ओढली. “आम्हाला असं कुणी दाखवलं असतं तर,” एवढं म्हणून दाखला घेऊन निघाले. ही अडचण घराण्यात उतरते हे संशोधकांना केव्हाच माहीत आहे. पण शाळेतल्या नोंदीत वडिलांच्या शिक्षणापुढे ‘सातवी, सोडली’ एवढंच असतं.

बदली

जिल्हा परिषदेच्या शाळेत कुठलीही चांगली गोष्ट बदलीपर्यंतच टिकते, असं शिक्षक स्वतःच हसत सांगतात. बाईंचीही बदली झाली, पवन मावळात. जाताना त्यांनी तीन मुलांची एक वही करून ठेवली. शेऱ्यांची वही नव्हे ती. कोणती अक्षरं पक्की, कोणत्या जोड्या अजून घोटाळतात, किती वेळाने थकतो, कशाने बुजतो, असं पानोपान. तिसरीतल्या त्या मुलाच्या पानावर खाली लिहिलं होतं: धडा पाठ असतो, फसू नये, तोंडी विचारल्यास सगळं येतं, ‘आळशी’ म्हणू नये, एकदा म्हटलं तर दोन दिवस शाळेत येत नाही, ट आणि ढ दिवाळीनंतर घ्यावेत.

नव्या शिक्षकांनी ती वही वाचली की नाही हे कळायला मार्ग नव्हता. मग एका सकाळी त्यांचा बाईंना फोन आला. काना आणि वेलांटी झाली, आता रफारापर्यंत आलोय, पुठ्ठ्याची पाटी कुठल्या कपाटात आहे आणि तिचा दोरा तुटलाय तर कोणता वापरू? बाईंनी मांजाचा नको, हात कापतो, असं सांगितलं.